वस्त्रगाळ

बाबांची थुंकी पांढरी झाली त्या दिवशी मायनं गल्लीत गूळ वाटला. सण नव्हता, कोणाचा निकाल नव्हता, घरात पाळणा हलला नव्हता. शेजारणी गुळाचा खडा हातावर घेऊन विचारत, "काय गं, कायचा?" आणि माय सांगायची, "वामनच्या बाबाची छाती साफ झाली." ज्यांच्या घरचं कोणी खाणीत नव्हतं त्यांना यातलं काही कळत नसे. तरी त्या गूळ खात आणि बरं झालं म्हणत.

बाबा चांद्याकडच्या कोळशाच्या खाणीत होते. जमिनीखाली कोळशाच्या भिंतीला बरमा लावून भोकं पाडायची, त्यात सुरुंग भरणारा येऊन सुरुंग भरायचा, बार उडाला की धूर-धुरळा पुरता बसायच्या आत पुन्हा आत जायचं आणि पुढची भोकं पाडायची, हे त्यांचं काम. अकरा वर्षं त्यांनी ते केलं. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, पंधरा-वीस दिवस अकोल्याला यायचे. त्या वर्षी मात्र कापसाच्या वेचणीच्या दिवसांत अवचित आले. कामावर असताना बरमा हातात घेऊन खाली बसले ते त्यांना उठता येईना, म्हणून खाणीच्या डॉक्टरानं लांब रजा दिली होती. सुरुवातीला ते खोकले की काळं पडायचं. शाईसारखं नव्हे, कंदिलाच्या काचेवरची काजळी पाण्यात कालवावी तसं. आम्हा भावंडांना त्याची भीती वाटायची. बाबांना वाटत नसे. खाणीतल्या माणसांचा एक नियम होता, आणि तो बाबांनी आम्हाला पाढ्यासारखा पाठ करून दिला होता: काळं पडतं म्हणजे धूळ बाहेर निघते. बाहेर निघायची थांबली म्हणजे आत उरली नाही. मग माणूस पुन्हा नवा.

थंडी सरता सरता ती थांबली. म्हणून गूळ.

आमचं घर अकोल्यात रेल्वेलाइनच्या पलीकडे, दोन खोल्यांचं, वर टिन. मूळ गाव बार्शीटाकळीजवळचं, पण तिथं आता चुलत्यांशिवाय कोणी नव्हतं. माय जिनमध्ये, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, जायची. सकाळचा भोंगा व्हायच्या आत तिच्या भाकरी झालेल्या असत, आणि भाकरी थापण्याचा तो आवाज अजूनही माझ्या डोक्यात सकाळ म्हणूनच बसला आहे. जवसाची चटणी, कांदा, कधी आंबाडीची भाजी, आणि बाबा घरी असले की तुरीचं घट्ट वरण. बाबांना वरण वरपायची सवय होती. त्या थंडीत माझ्या लक्षात आलं की ते आता वरपत नाहीत. एक घोट घेतात, थांबतात, श्वास घेतात, मग दुसरा. जेवायला त्यांना आम्हा तिघांपेक्षा जास्त वेळ लागायचा आणि भाकर मात्र अर्धीच संपायची. माय म्हणायची, "खानीतलं अन्न खाऊन पोट आकसलं." वस्तीत आमच्या विहाराच्या भिंती तेव्हा कमरेइतक्या वर आल्या होत्या. संध्याकाळी माणसं तिथं विटा द्यायला जमायची. बाबाही जायचे, पण विटा न उचलता, आलेल्या मोजून घ्यायला बसायचे. कोणाला त्यात वावगं वाटत नसे. छाती साफ झाली होती ना.

खाणीतल्या माणसांचे आणखी दोन नियम होते. पाळी संपवून वर आलं की गुळाचा खडा खायचा. त्यानं घशातली धूळ पोटात उतरते आणि पोटातून जायची तिथं जाते. आणि खाली असताना नाकातोंडावर गमछा बांधायचा, तोही दुहेरी, आणि ओला. बाबांचा गमछा लाल चौकटीचा होता. पाळी संपल्यावर तो सोडला की नाकासमोरची जागा काळी झालेली असायची, आणि सुटीत घरी आले की तो डाग दाखवून बाबा म्हणायचे, "पाह्य, इतकी धूळ माह्या नाकात गेली असती. गमछ्यानं धरली." हे ते इतक्या अभिमानानं सांगायचे की जणू तो गमछा त्यांनी स्वतः विणला होता.

आता खरी गोष्ट. छाती साफ झाल्यावर बाबांनी ठरवलं की चैत्रात परत जायचं, आणि जाताना दादालाही न्यायचं. वामनदादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, अठरा पुरे केलेला, अंगानं भरलेला. तेलाच्या घाण्यावर पोती उचलायचा आणि त्या कामाला कंटाळला होता. खाणीत बापाच्या ओळखीनं मुलाला लावून घेत. किसनकाका म्हणून बाबांचे एक सोबती होते, आमच्याच पट्ट्यातले, तिथं सिरदार झालेले, म्हणजे एका टोळीचे प्रमुख. त्यांनी निरोप धाडला होता की चैत्रात मी गावाकडं येतो, परतताना दोघांना घेऊन जातो, पोराला पहिल्यांदा कोळशाचे टब रुळावरून ढकलायला लावू, मग हळूहळू बरम्यावर. दादा खूश होता. बाबांची ती टणक टोपी डोक्यावर घालून तो भिंतीला लावलेल्या फुटक्या आरशात पाहायचा. माय पण खूश होती. पक्कं काम, राहायला खोली, आजारपणाला डॉक्टर. घरात चार माणसं, त्यातली तीन खूश. मी चौथी.

मी काही शहाणी होते म्हणून नव्हे. मला मोजायची खोड होती. अजून आहे. दूधवाल्याचं माप, नळाला पाणी किती मिनिटं येतं, जिन्याच्या पायऱ्या, सगळं मी मोजते, आणि घरचे हसतात. तेव्हा शाळेत आम्हाला आरोग्याचा एक तास असायचा. बाईंनी सांगितलं होतं की निरोगी मोठा माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला सोळा ते अठरा वेळा श्वास घेतो. घरी आले आणि बाबांचा मोजायचं ठरवलं. घरात घड्याळ नव्हतं. शेजारी शिंपीकाकांकडे गजराचं घड्याळ होतं, त्याला सेकंदाचा छोटा काटा होता. ते मागून आणलं आणि बाबांना म्हटलं, "बाबा, स्वस्थ बसा, तुमचे श्वास मोजायचे हायेत."

"मोज ना. आमचे श्वास काय फुकटचे हायेत?" बाबा हसून बसले. एकोणीस भरले. दुसऱ्या दिवशी अठरा. तिसऱ्या दिवशी पुन्हा एकोणीस. म्हणजे बरोबरच की, असं मला वाटलं. पण चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी घड्याळ घेऊन समोर बसले की बाबा श्वास आवरून घेतात, परीक्षेला बसल्यासारखे. ते आकडे मी वहीतून खोडले. मग दारातून, ते पेपर वाचत असताना, त्यांच्या खांद्याकडे पाहून मोजले. चोवीस. दुसऱ्या दिवशी चोवीस. तिसऱ्या दिवशी पंचवीस. महिनाभरानं सव्वीस.

दुसरी गोष्ट मी मोजली ती थांबे. आमच्या घरापासून स्टेशनपर्यंतची वाट सरळ, कुठं चढ नाही. बाबा रोज सकाळी तिकडे फिरायला जात, कोणी ओळखीचं उतरतं का पाहायला. मी शाळेला जाताना त्यांच्या मागे राहायची. ते थांबत. विडी ओढायला नाही, ती त्यांनी कधी ओढली नाही. कोणाच्या दारातल्या शेळीकडे पाहायला थांबत, भिंतीवरचा कागद वाचायला थांबत, धोतर नीट करायला थांबत. थुंकी काळी होती तेव्हा दोनदा. गूळ वाटला त्या आठवड्यात तीनदा. मग चारदा. हेही वहीत. माणूस घरी बसून खातो-पितो, थुंकी पांढरी झाली, आणि थांबे वाढतात. हे गणित मला जुळेना. ज्याचं उत्तर जुळत नाही ते गणित मला आजही झोपू देत नाही.

दादानं एकदा वही पाहिली. "हे काय गं? बापाचे श्वास मोजून राहिली? तुह्या वहीनं माणूस बरा होते का?"

"बरा होत नाई. पण बरा झाला का नाई थे समजते."

"लय डाक्टरीण झाली! उद्या माहे मोजशीन."

"तुहे मोजले. सतरा भरतात," मी म्हटलं. ते खरं होतं. तो वही माझ्या अंगावर फेकून गेला.

मी ती मायला दाखवली. माय वाचू शकत नव्हती, पण आकडे ओळखायची, कारण जिनमध्ये गाठींवर आकडे असत. तिनं चोवीसवर बोट ठेवलं, सव्वीसवर ठेवलं, आणि म्हणाली, "हे वाढून राहिले." बस, एवढंच. पण फाल्गुनात तिनं बाबांना अमरावतीला न्यायचं काढलं. तिचा मावसभाऊ तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात छातीचे फोटो काढतात त्या खोलीत शिपाई होता. बाबा आधी नको म्हणाले, मग अमरावतीची सहल म्हणून तयार झाले. मी वही घेऊन सोबत गेले. बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला पोचेपर्यंत बाबांनी डब्यातल्या सगळ्यांना खाणीच्या गोष्टी सांगितल्या होत्या, दर दोन वाक्यांनी एक थांबा घेऊन.

डॉक्टर तरुण होते, बाहेरगावचे, बोलणं पुस्तकी. त्यांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. आधी आम्हाला वाटलेलं, आणि वस्तीतल्या निम्म्या लोकांनी मनात धरलेलं, की क्षय असेल. थुंकी तपासली होती, त्यात क्षय निघाला नव्हता. फोटोत दोन्ही बाजूंना बारीक बारीक ठिपके होते, पीठ सांडल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, "हे जंतूंमुळं नाही. ही धूळ आहे. कोळशाची आणि दगडाची."

बाबा म्हणाले, "साहेब, धूळ तर निघून गेली. दोन महिने झाले, काळं पडत नाई."

"जी थुंकीतून निघते ती जाड धूळ असते. ती घशात आणि वरच्या नळ्यांत अडकते, म्हणून खोकल्याबरोबर येते. जी अगदी बारीक असते ती अडकत नाही. ती श्वासाबरोबर तळापर्यंत जाते आणि तिथंच राहते. ती डोळ्यांना दिसत पण नाही."

"दिसत नाई तर मंग तुमाले कशी दिसली?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी फोटोवर बोट फिरवलं. "धूळ नाही दिसत. तिनं केलेल्या जखमांच्या गाठी दिसतात." मी वही पुढे केली. त्यांनी ती खरोखर वाचली, पहिल्या पानापासून, आणि खोडलेले आकडे का खोडले ते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर केलंस." मग बाबांना म्हणाले, "गेलेलं परत येणार नाही. औषधानं खोकला कमी होईल, गाठी जाणार नाहीत. पण खाली उतरला नाहीत तर पुष्कळ वर्षं काढाल. उतरलात तर नाही."

येताना गाडीत बाबा कोणाशी बोलले नाहीत. बडनेऱ्याला उतरून चहा घेतला तेव्हा म्हणाले, "पोरगा चांगला हाये. पण खानीत कधी उतरला का थो? गमछा कधी बांधला का त्यानं?" आणि घरी आल्यावर त्यांनी दादाला सांगितलं की माझं जाऊ दे, मी वय झालेला, पण तू जा. मी पहिली पाच-सहा वर्षं गमछा नीट बांधत नव्हतो, त्याचं हे फळ. तू पहिल्या दिवसापासून बांध. तिहेरी बांध. आणि मायनं दादासाठी नवा गमछा आणला.

डॉक्टरचं पूर्ण ऐकून, समजून, जे उत्तर निघालं ते हे. मी रडले, भांडले. वही मधोमध ठेवून आकडे वाचून दाखवले. दादा म्हणाला, "थे आकडे बाबाचे हायेत, माहे नाई." खरंच ते आकडे त्याचे नव्हते.

दादाला उत्तर मायनं दिलं, आणि तिलाही ते आपण देतो आहोत हे आधी माहीत नव्हतं.

आमच्या घरी दात घासायला माय मंजन करायची. बाभळीचा कोळसा, मीठ, थोडी भाजलेली फिटकरी, म्हणजे तुरटी. खलात कुटायचं, मग वस्त्रगाळ करायचं. आता ही गोष्ट घराघरातून गेली म्हणून सांगते: एका भांड्याच्या तोंडावर पातळ कापड ताणून बांधायचं, वर पूड टाकायची, आणि बोटांनी हलकेच फिरवत राहायचं. जाडसर वर राहतं, पुन्हा कुटायला जातं. जे कापडातून खाली गळतं ते इतकं मऊ की चिमटीत धरलं तर बोटांना लागत नाही. मायचं मंजन अर्धी गल्ली नेत असे, आणि तिच्या वस्त्रगाळाला नावाजत असे, कारण ती घाई करत नसे आणि कापड दुहेरी लावायची.

दुपार होती. जिनला सुटी, बाबा खाटेवर, दादा दारात टोपीला तेल लावत बसलेला. टिनात एक खिळ्याचं भोक होतं, त्यातून उन्हाची एक काठी खोलीत तिरपी उभी असायची. मायचं नेहमीचं जुन्या धोतराचं कापड त्या दिवशी फाटलं. तिनं इकडेतिकडे पाहिलं, दोरीवर बाबांचा धुतलेला गमछा होता तो घेतला, दुहेरी केला, पातेल्याच्या तोंडावर बांधला आणि कोळशाची पूड वर टाकली. तिची बोटं फिरू लागली. मी समोर बसून फिटकरी कुटत होते.

काही वेळानं माझा हात थांबला. मी मायकडे पाहिलं. माय माझ्याकडे पाहत नव्हती. ती त्या उन्हाच्या काठीकडे पाहत होती. पातेल्यावरून काळा धुरळा उठून त्या उजेडात फिरत होता, खाली येत नव्हता, वरही जात नव्हता. मग तिनं गमछा सोडला आणि पातेल्यात पाहिलं. तळ काळा झालेला. तिनं बोट बुडवलं आणि बाबांसमोर धरलं.

"हे पाहा."

"काय?"

"तुमचा गमछा हाये. दुहेरी."

बाबांना आधी कळलं नाही. मग ते उठून बसले.

"मी तीस वर्सं कापडातून कोळसा गाळून राहिली," माय म्हणाली. "बारीक पायजे म्हणूनच कापड लावतो ना आपन? कापड जाड धरते, बारीक सोडते. हे मले ठाऊक होतं. अन् तेच कापड मी तुमाले जाताना नाकाले बांधाले धुऊन देऊन राहिली होती. अकरा वर्सं."

बाबा म्हणाले, "खाली ओला असते. हा कोरडा हाये."

माय उठली, गमछा पाण्यात बुडवला, पिळला, पुन्हा बांधला, पुन्हा पूड टाकली. बोटं फिरवली. पूड कापडाला चिकटली, लगदा झाला, खाली काही पडलं नाही. दादा दारातून म्हणाला, "पाह्यलं!" बाबांच्या चेहऱ्यावरही जरा हुशारी आली. आकडा आपल्या बाजूनं नसला तरी तो खोडता येत नाही.

पण माय तिथंच बसून राहिली. तिनं विचारलं, "ओला किती वेळ राहते खाली?"

बाबांनी गमछ्याकडे पाहिलं. ते खोटं बोलणारे नव्हते. "गरम असते तठी. अन् श्वास जोरात चालते. पाऊन तास. लय झालं तर एक."

"अन् पाळी?"

"आठ तास."

"मंग भिजवाले पानी?"

"पेयाले पुरत नाई तठी."

तासाभरानं, वाळवून नव्हे, नुसता तसाच ठेवून, तिनं त्या गमछ्यावरून बोटं फिरवली. मगाचा लगदा सुकून पुन्हा भुकटी झाला होता, आणि तीच भुकटी झरझर खाली गळली. दादानं टोपी खाली ठेवली, पण रागानं. तो राग मायवर होता का गमछ्यावर ते त्यालाही माहीत नसावं.

इथं आजच्या माझ्याकडून एक दुरुस्ती. फुप्फुसाच्या तळाशी जाणारी धूळ मायच्या मंजनापेक्षा कितीतरी पट बारीक असते. मंजन दिसतं, ती दिसत नाही. त्यामुळे मायनं जे दाखवलं ते शास्त्राच्या भाषेत पुरावा नव्हे. पण तिचं म्हणणं चुकलं असेल तर खरेपणाच्या बाजूलाच चुकलं: ज्या कापडाला मंजन धरता येत नाही, त्याला त्याहून बारीक काय धरता येणार? माझा नातू हल्ली मोबाइलवर अकोल्याच्या हवेतल्या बारीक धुळीचा आकडा रोज वाचून दाखवतो. मी ऐकते आणि मनात म्हणते, बाबा रे, तुझ्या पणजीला हे पातेल्यात दिसलं होतं.

चैत्रात किसनकाका आले. रुंद छातीचा, मोठ्यानं बोलणारा, घरात शिरताच घर भरून टाकणारा माणूस. आल्या आल्या त्यांनी पाणी मागितलं आणि दादाच्या पाठीवर थाप मारली. "काय बे पहेलवान, बांधलं का गाठोडं?" गाठोडं बांधलेलं होतं. दादानं ते सोडलं नव्हतं, आणि कोणी सोड म्हणालंही नव्हतं. मायनं कण्या आणि ताक वाढलं. जेवणं झाल्यावर बाबांनी सांगितलं की मी येत नाही, आणि पोरगाही येत नाही.

किसनकाका थांबले. "काहून रे सुखदेवा? मी तठी शब्द देऊन आलो."

बाबांनी अमरावतीचं सांगितलं. किसनकाकांनी हात झटकला. मग मायनं सांगितलं, गमछ्याचं. ते मोठ्यानं हसले. "वयनी, मंजन अन् खान एक का? चौदा वर्सं झाली मले. मले काय झालं? पाहा बरं माह्याकडं!" आणि छाती ठोकली. खरंच, पाहायला त्यांना काही झालेलं नव्हतं. दादा त्यांच्याकडे पाहत होता, आणि मला त्याच्या डोळ्यांत दिसत होतं की अजून काहीच ठरलेलं नाही. बाप नाही म्हणाला होता, पण अठरा वर्षांच्या मुलाला गाडीत बसायला बापाची गरज नसते. गाठोडं कोपऱ्यात होतं. गाडी चारला होती.

किसनकाका उठले. बाबांशी गळामिठी झाली. "बरं गड्या, सुखी राह्य." मग दादाकडे वळून म्हणाले, "पोट्ट्या, तुह्या मनात काय हाये थे तू पाह्य. पेटी तरी उचल माही स्टेशनवरलोक." त्यांची लोखंडी पेटी दादानं खांद्यावर घेतली. जाताना त्यानं कोपऱ्यातलं गाठोडंही उचललं. मायनं ते पाहिलं. ती दारापर्यंत आली, चौकटीला धरून उभी राहिली, पण हाक मारली नाही. बाबा म्हणाले, "जाऊ दे. धरून ठेवलेला पोरगा उद्या जाते."

चार वाजले. गाडीची शिटी झाली, तिचा आवाज लाइनवरून आमच्या टिनावर येऊन थरथरला आणि गेला. माय चुलीपाशी बसली होती, चूल पेटवलेली नव्हती. मी वही उघडून बसले होते, पण लिहायला काही नव्हतं. बाबांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मी तो मोजला नाही.

अर्ध्या तासानं दादा आला. गाठोडं बगलेत. ते त्यानं खाली टाकलं आणि पाण्याच्या माठाशी उभा राहिला. पाणी घेतलं नाही.

"काका गेले?" बाबांनी विचारलं.

"गेले." मग तो माझ्याकडे पाहून बोलला, बाबांकडे नाही. "तीन डाव थांबले."

"कोन?"

"काका. पेटी माह्याजवळ होती, त्याहिच्या हातात काई नव्हतं. पहिल्यांदा शेळीपाशी थांबले. मंग त्या भिंतीपाशी, वाचाले. काकाले वाचता येते का बाबा?"

बाबांनी मान हलवली. नाही.

"तिसऱ्यांदा नुसतेच थांबले. काई पाहत बी नव्हते. मले म्हने, तू हो समोर." दादा बाबांकडे वळला. "तुमी चार डाव थांबता. थे तीन डाव. माय, काकाले कोन सांगन?"

दादा पुढे एसटीत लागला, बाबा त्यानंतर नऊ वर्षं जगले, आणि खाली कधी उतरले नाहीत. ते सगळं नंतरचं. त्या दिवशी बाबांनी खाटेवरून पाय खाली सोडले, एक श्वास घेतला, दुसरा घेतला, आणि म्हणाले, "नंदे, कारड आन. दौत घे. लिही. वाचून देनारे हायेत तठी." मी कोरं कार्ड घेऊन बसले. त्यांनी सांगितलं आणि मी जसंच्या तसं लिहिलं: किसन, थुंकी काळी पडते का पांढरी, हे पाहू नको. खोलीपासून खाणीच्या तोंडापर्यंत किती डाव थांबतो, हे मोज आणि मले कळव.